अठ्ठावीस विरुद्ध सत्तावीस

“या चिठ्ठीवर नाव नाही,” मकासरे पाळकसाहेब चष्मा वर सरकवत म्हणाले, “पण नाव नसलं म्हणून विनंती काही कमी होत नाही.” आणि त्यांनी ती वाचली. “सरहद्दीपलीकडच्या एका बाईचा मुलगा लढाईत मारला गेला आहे. तिच्या सांत्वनासाठी मंडळीनं प्रार्थना करावी.”

देवळात कुणीतरी मघापासून खोकत होतं, ते थांबलं. मी पुढे बाजाची पेटी घेऊन बसले होते. गाण्याच्या वेळी पेटी वाजवणं आणि सभेच्या वेळी मंडळीचं चिटणीसपण करणं ही दोन्ही कामं माझ्याकडे होती. मी मान वर केली नाही, कारण ती चिठ्ठी मीच लिहिली होती.

ही एकोणीसशे पासष्टची गोष्ट. सप्टेंबर महिना, लढाई जोरात. नगर जिल्ह्यातलं आमचं हिंगेवाडी, गावाच्या पूर्वेला आमची ख्रिस्ती वस्ती, मधोमध दगडी देऊळ. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो, आणि तिथल्या सभासदांना मंडळी. देवळाच्या दाराशी एक लाकडी पेटी असे. कुणाला प्रार्थना हवी असेल त्यानं कागदावर लिहून तीत टाकायचं. कुणाच्या सुनेला मूल होत नाही, कुणाचा बैल आजारी, कुणाचा मुलगा मॅट्रिकला बसलाय. रविवारी पाळकसाहेब एकेक चिठ्ठी वाचत आणि प्रार्थना करत. नाव घालायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पण आलेली चिठ्ठी वाचायचीच, वगळायची नाही, हा त्यांचा नियम. एकदा एका बाईनं ‘माझ्या जावेची खोड मोड’ असं लिहिलं होतं. तीही त्यांनी वाचली आणि दोघी जावांसाठी प्रार्थना केली. महिनाभर वस्ती हसत होती.

त्या रविवारी कुणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी डोळे मिटले.

“हे प्रभू, त्या माउलीचं सांत्वन कर. तिचा मुलगा ज्याच्या हातून मेला, त्या शिपायालाही तू जवळ घे. त्याच्या मनावरचं ओझं काढ. त्याला क्षमा कर.”

आमच्याकडे प्रत्येक प्रार्थनेनंतर सगळे मोठ्यानं आमेन म्हणतात. त्या प्रार्थनेनंतर पाळकीणबाई तेवढ्या म्हणाल्या.

आणि नेमके त्या दिवशी गावचे सरपंच देवळात खुर्चीवर बसलेले. उपासनेनंतर देवळापुढे झेंडा लावायचा होता म्हणून मंडळीच्या पंचांनीच त्यांना आग्रहानं बोलावलं होतं. झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं. सरपंचांनी रुमालानं तोंड पुसलं, “बरंय, येतो,” म्हणाले आणि चहा न घेताच निघून गेले.

त्या ‘बरंय, येतो’नं आमच्या वस्तीची झोप उडवली.

चिठ्ठी मी का लिहिली ते सांगते. माझा धाकटा भाऊ शमुवेल, घरात आम्ही त्याला शमू म्हणायचो, पलटणीबरोबर आघाडीवर होता. त्याच्या पलटणीतला एक जण हाताला गोळी लागून रजेवर आला होता. जाता जाता आमच्याकडे उतरला आणि आई पाणी आणायला आत गेली तेवढ्यात त्यानं माझ्या हातात घडी केलेला कागद दिला. “बाई, टपालात टाकता येत नव्हतं. सगळं वाचून बघतात तिथं,” म्हणाला.

शमूचं अक्षर वाकडंतिकडं झालं होतं. त्यानं लिहिलं होतं, ‘आक्का, परवा उसात एक जण माझ्यासमोर आला. आधी मी गोळी झाडली. त्याच्या खिशात पोस्टकार्ड सापडलं. आमच्यातल्या एकाला ती लिपी येते, त्यानं वाचून दाखवलं. त्याच्या आईनं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. शेळी व्याली, दोन्ही पाटीच झाल्या, बोकड नाही, तू आलास की नावं ठेव. आक्का, मला जेवण जात नाही. मंडळीत त्या बाईसाठी प्रार्थना करायला सांग. माझं नाव घालू नकोस. आईला सांगू नकोस.’

मी तेव्हा सव्वीस वर्षांची, सरकारी शाळेत मास्तरीण. एवढं कळत होतं की हा कागद आलाच चोरून आहे. तो कुणाच्या हाती पडला तर शमूचं काय होईल ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं म्हणूनच जास्त भीती वाटत होती. मी शमूचा कागद चुलीत घातला. चिठ्ठी अक्षर बदलून लिहिली आणि शनिवारी शाळा सुटल्यावर पेटीत टाकली.

अक्षर बदलून काय व्हायचं होतं! मंडळीच्या सभेचा वृत्तांत मी लिहायची आणि त्याखाली पाळकसाहेब सही करायचे. चार वर्षं ते माझं अक्षर वाचत होते. ते ‘त्या शिपायालाही’ म्हणाले तेव्हाच मला कळलं की त्यांनी ओळखलंय, आणि शमूलाही ओळखलंय.

सोमवारी खरात हवालदार आमच्या दारात. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात लढले होते. मंडळीत त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि माणूस वाईट नव्हता. पण त्या दिवशी ते उंबऱ्यावरूनच गरजले, “चिटणीसबाई, सभेची नोटीस काढा. पाळकाला ठेवायचा का काढायचा, या रविवारी ठरलं पाहिजे.”

आई भाकरी थापत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, “काढायचा म्हंजे? इतकं काय झालं, हवालदार?”

“काय झालं? वहिनी, तुमचा पोरगा तिथं छातीचा कोट करून उभा आहे आणि हा माणूस देवाला सांगतो, त्याला क्षमा कर! क्षमा कशाची? त्यानं काय चोरी केली?”

आईचा हात थांबला. “माझ्या शमूला म्हनले ते?”

“शमूला म्हणजे सगळ्याच शिपायांना. आमच्यासारख्यांनाही.”

“मग काढाच,” आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर आपटली.

पाळकसाहेब खरोखर शमूबद्दलच बोलत होते, आणि शमूनंच ते मागितलं होतं, हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होतं. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. शिपायानंच प्रार्थना मागितली म्हटल्यावर हवालदारांची बोलती बंद झाली असती. पण ते वाक्य दुपारपर्यंत वस्तीभर, संध्याकाळपर्यंत गावभर आणि पुढं कुठवर गेलं असतं! मी मुकाट्यानं नोटीस लिहायला घेतली.

ती चिकटवायला देवळात गेले तेव्हा पाळकसाहेब कंदिलाच्या काचा पुसत बसले होते.

“लिहिलीत? बघू.” त्यांनी वाचली. “‘पाळकाने’ असं लिहिलंय, ‘पाळकांनी’ नाही. आत्तापासूनच आदरार्थी बहुवचन काढलंत की काय?”

त्यांना अशा वेळीही थट्टा सुचायची. मला रडू फुटलं.

“साहेब, चिठ्ठी...”

“चिठ्ठी माझ्या घरी चुलीत गेली,” ते घाईघाईनं म्हणाले. “चिठ्ठी ज्याची, त्याची आणि देवाची. मला त्यातलं काही माहीत नाही, आणि तुम्हांलाही माहीत नाही. समजलं ना? आता ती नोटीस नीट चिकटवा, वाऱ्यानं उडेल.”

तुम्हांला वाटेल, पाळकाला काढणं ही काय मतावर टाकायची गोष्ट आहे? आमच्यात होती, आणि तशी रीत घालून दिली ती मकासऱ्यांनीच. त्यांच्या आधी मिशनचे गोरे साहेब ठरवतील ते व्हायचं. हे आले आणि म्हणाले, देश स्वतंत्र झाला, आता मंडळीनंही स्वतःचं स्वतः ठरवायचं. नियमावली केली. बायकांनाही मत दिलं. सुरुवातीला बायका हात वर करायला लाजायच्या, तर हे म्हणायचे, “अहो, भांडताना कसा वर होतो? तसाच करा.”

रविवारी सभेला झाडून सगळे आले. पुरुष एका बाजूच्या सतरंजीवर, बायका दुसऱ्या. हवालदारांनी ठराव मांडला.

“गावात आपली पंचवीस घरं,” ते म्हणाले. “आपल्या पोरांनी रक्त सांडलं तरी लोक अजून आपल्याला मिशनवालेच म्हणतात. यांचा देव परका, यांचं मन परकं, असं म्हणतात. मी ब्रह्मदेशातून परत आलो तेव्हा चावडीवर मला एकानं विचारलं, तू कुणाच्या बाजूनं लढलास? हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतो. आणि आता सरपंचासमोर, झेंड्याच्या दिवशी, आपल्या देवळात दुश्मनासाठी प्रार्थना! उद्या गाव काय म्हणेल?”

हवालदारांचा आवाज फाटला. मला त्यांचं वाईट वाटलं. ते खोटं बोलत नव्हते.

दगडू मिस्त्री म्हणून एक गवंडी होते, ते उठले. “पन हवालदार, शत्रूवर प्रीती करा हे आपल्याच पुस्तकात हाय ना? का ते फाडायचं?”

“पुस्तकात आहे. लढाई संपल्यावर करू!”

काही जण हसले. पाळकसाहेबही हसले.

“साहेब,” हवालदार त्यांच्याकडे वळले, “मी हात जोडून विचारतो. चिठ्ठी कुणाची ते सांगा. ज्यानं लिहिली तो माफी मागेल, तुमचं काही नाही. किंवा एवढं म्हणा की चूक झाली. ठराव मी आत्ता मागं घेतो.”

पाळकसाहेब उठले. “चिठ्ठी कुणाची ते सांगणार नाही. आणि चूक झाली असं मला वाटत नाही, तर म्हणू कसा? आपल्या शिपायांसाठी मी रोज प्रार्थना करतो, ती काय तुम्हांला ऐकवायला करत नाही. त्या बाईसाठीही केली. मला देशही पाहिजे आणि प्रभूही पाहिजे. दोघांपैकी एकालाच ठेव असं मला देशानं अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगताय.” मग ते माझ्याकडे वळले. “चिटणीसबाई, मतं घ्या.”

मी ठराव वाचला. ठरावाच्या बाजूनं, म्हणजे पाळकांना काढावं म्हणून, हात वर झाले. मी सतरंज्यांमधून फिरून मोजले. बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत आईचा हात होता. कोपरापासून ताठ, बांगडी खाली घसरलेली. तो मी बाविसावा मोजला. एकूण सत्तावीस झाले.

मग विरुद्ध बाजूचे. दगडू मिस्त्री, त्यांची बायको, तरुण पोरं बरीच, आणि ज्यांच्याकडून मला अपेक्षा नव्हती अशा दोन म्हाताऱ्या. मी मोजलं. पुन्हा मोजलं. तेही सत्तावीस.

देवळात कुजबुज सुरू झाली. नियम सगळ्यांना पाठ होता. चिटणीस मतं मोजतो म्हणून हात वर करत नाही, पण मतं समान झाली तर निकाल चिटणीसाच्या मतावर.

पंचावन्नावं मत माझं होतं.

मी उभी होते. सगळे माझ्याकडे बघत होते. हवालदार बघत होते, आई बघत होती, पाळकीणबाई मांडीवरच्या मुलीच्या वेण्या उगाचच सोडून पुन्हा घालत होत्या. मी वही मिटून टेबलावर ठेवली. पाळकसाहेबांकडे एकदाच पाहिलं.

त्यांनी हात वर केला.

“माझं मत ठरावाच्या बाजूनं,” ते म्हणाले.

कुणाला काही कळेना. हवालदारच आधी भानावर आले. “साहेब, तुम्हांला मत नाही! पाळक मत देत नसतो.”

“ती नुसती रीत आहे. नियमावलीत काय लिहिलंय? बाई, वाचा.”

मी नियमावली उघडली. कलम सहा. ‘पाळक हा मंडळीचा सभासद असेल व सभासदाचे सर्व हक्क त्यास राहतील.’ वाचताना माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता.

“झालं तर,” पाळकसाहेब म्हणाले. “अठ्ठावीस विरुद्ध सत्तावीस. लिहून घ्या. मंडळी दोन ठिकाणी फुटण्यापेक्षा मी गेलेला बरा. हवालदार, आता बसा, तुम्ही जिंकलात.”

हवालदार बसले. जिंकल्यासारखे दिसत मात्र नव्हते. मी वृत्तांत लिहिला आणि पाळकसाहेबांनी त्याखाली नेहमीसारखी सही केली. आठ दिवसांनी एसटीच्या टपावर दोन ट्रंका, एक पिठाचा डबा आणि शिवणाचं मशीन चढलं आणि ते कुटुंब सोलापूरकडे गेलं. तिथल्या एका वसतिगृहात त्यांना मुलांवर देखरेखीचं काम मिळालं होतं.

पुढच्याच आठवड्यात सरपंच शाळेत आले. “काय हो बाई, तुमचे पाळकसाहेब दिसत नाहीत?”

मी म्हटलं, “मंडळीनं त्यांना काढलं.”

“आँ? कशापायी?”

“त्या दिवशीच्या प्रार्थनेपायी. तुम्ही रागावून गेलात ना, चहासुद्धा घेतला नाहीत.”

सरपंच माझ्याकडे बघतच राहिले. “अहो, माझं पोट बिघडलं होतं! सकाळपासून तीनदा जाऊन आलो होतो. प्रार्थनेकडं लक्ष होतं कुणाचं!” मग म्हणाले, “भला माणूस होता. असं कसं केलंत तुम्ही लोकांनी?”

शमू मार्चमध्ये रजेवर आला. वाळला होता, पण धडधाकट होता. आईनं त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, ख्रिस्ती असून. पाळकसाहेब बदलून गेले एवढंच तिनं त्याला सांगितलं. संध्याकाळी मी त्याला ओढ्याकडे नेलं आणि सगळं सांगितलं.

तो ओढ्याकाठच्या दगडावर बसला. मग म्हणाला, “मी इथं असतो तर उभं राहून सांगितलं असतं.”

“तू इथं नव्हतास म्हणून तर मी गप्प बसले. तुला काही झालं असतं म्हणजे?”

“आक्का, मला वाचव असं मी लिहिलं होतं का? मी त्या बाईसाठी प्रार्थना मागितली होती.”

घरी येऊन त्यानं आईलाही सांगितलं. आई भिंतीला टेकून बसली. त्या रात्री तिनं चूल पेटवली नाही.

रविवारी शमू गणवेश घालून देवळात गेला आणि उपासना संपायच्या आत उभा राहिला. “ती चिठ्ठी माझी होती,” म्हणाला. उसातलं सांगितलं, पोस्टकार्डाचं सांगितलं. शेळीच्या पाटींपर्यंत आला तेव्हा बायकांच्या बाजूला हुंदके सुरू झाले. खरात हवालदार उठून त्याच्यापाशी गेले आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले. शमूवर पुढं कसली कारवाई वगैरे झाली नाही. कुणी विचारायलाही आलं नाही. माझी सगळी भीती फुकट गेली.

तिथल्या तिथं हवालदारांनीच ठराव मांडला, पाळकसाहेबांना सन्मानानं परत बोलवावं. मी मतं मोजायला उठले, पण मोजायची गरजच नव्हती. सगळे हात वर होते, आईचे तर दोन्ही. मी पत्र लिहिलं. शमूनंही सोबत आपलं वेगळं पत्र घातलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ते मी मंडळीत मोठ्यानं वाचलं.

‘प्रिय मंडळीस सलाम. तुमचा ठराव वाचून डोळे भरून आले. शमुवेलला आशीर्वाद. पण मी येऊ शकत नाही. तुम्ही मला त्या प्रार्थनेसाठी काढलं होतं. ती प्रार्थना चूक असेल, तर चिठ्ठी शिपायाची निघाली म्हणून बरोबर होत नाही. आणि बरोबर असेल, तर चिठ्ठीवर नाव नव्हतं तेव्हाही ती बरोबरच होती. तुम्ही प्रार्थनेचा निकाल बदललेला नाही, फक्त चिठ्ठी कुणाची हे तुम्हांला कळलं आहे. उद्या पुन्हा बिननावाची चिठ्ठी आली तर काय कराल, ते आधी ठरवा. मग नव्या पाळकाला बोलवा. तुमचा, शांतवन मकासरे.’

हवालदार खाली बघत होते. कुठलाही ठराव आला नाही.

पत्राच्या मागच्या बाजूला आणखी काही ओळी होत्या. वर लिहिलं होतं, ‘चिटणीसबाईंसाठी. मंडळीत वाचू नयेत.’ त्या मी घरी येऊन वाचल्या.

‘करुणाबाई, शमुवेलनं माझे आभार मानले आहेत, की मी स्वतःविरुद्ध मत देऊन तुम्हांला संकटातून सोडवलं. तुम्हीही तसंच समजत असाल. ते खरं नाही, आणि खोटा मोठेपणा घेऊन बसणं मला बरं वाटत नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हा तुमचा हात कोणत्या बाजूला वर होणार ते मला तुमच्या तोंडावर दिसलं. शत्रूवर प्रीती करा असं मी तीस वर्षं शिकवत आलो, पण तुमचा तो हात बघायची ताकद माझ्यात नव्हती. म्हणून आधी माझा वर केला. मला क्षमा करा.’

या गोष्टीला साठ वर्षं होतील. पाळकसाहेब गेले, हवालदार गेले, आई गेली, शमूही तीन वर्षांपूर्वी गेला. त्यानं शेवटपर्यंत मला त्या दिवसाबद्दल एकच विचारलं नाही, की पाळकसाहेबांनी हात वर केला नसता तर तू काय केलं असतंस. त्याला वाटायचं, ते विचारायची गरजच नाही.

‘साहेब, तुमचा गैरसमज झाला, मी तुमच्याच बाजूनं हात वर करणार होते,’ असं लिहायला मी त्या वर्षी दोनदा पोस्टकार्ड आणलं. दोन्ही कोरी राहिली. भाऊ आघाडीवर आणि आई ठरावाच्या बाजूनं असताना मी त्यांच्या बाजूनं हात वर केला असता तर चिठ्ठी कुणाची ते सगळ्यांना कळलं असतं, या भीतीनं मी दुसऱ्या बाजूचं ठरवलं होतं. त्यांचा काहीच गैरसमज झाला नव्हता.